कपाचा तळ सपाट का येतो?

एखाद्या मोठ्या माणसापुढे साधा कप ठेवा, हातात पेन्सिल द्या आणि समोर दिसतोय तसा काढायला सांगा. आपल्याला चित्र कसं येत नाही हे तो आधी सांगेल, मग भीत भीत सुरुवात करेल. कपाचं तोंड लांबट काढेल, पण दोन्ही टोकांना निमुळतं, डोळ्यासारखं. दोन बाजू खाली ओढेल. आणि तळाशी एक सरळ आडवी रेघ मारून कप बंद करेल.

ती सरळ रेघ त्याच्यासमोर कुठेही नसते. थोडं वरून पाहिलं की कपाचं तोंड जसं लंबगोल दिसतं, तसा तळाचा काठही वक्रच दिसतो. नीट निरखलं तर तळाचा बाक तोंडापेक्षा जास्त असतो, कारण तळ नजरेच्या पातळीपासून अधिक खाली असतो. मग ही सपाट रेघ आली कुठून? टेबल सपाट आहे आणि कप त्यावर न डुगडुगता बसलाय, हे त्या माणसाला ठाऊक आहे. त्यानं ठाऊक असलेला तळ काढला. दिसणाऱ्या तळाकडे त्याचं लक्ष गेलंच नाही.

यात हाताचा दोष काढता येत नाही. सरळ रेघ मारणारा हात वक्र रेघही मारू शकतो. तोच हात रोज सही करतो, आणि सहीत कपापेक्षा कितीतरी अवघड वळणं असतात. तरीही चित्र फसलं की तो माणूस म्हणतो, 'माझा हातच चांगला नाही.' आपणही ते मान्य करतो. 'असू दे, ती देणगी असावी लागते,' अशी समजूत घालतो. या समजुतीनं लाखो माणसांचं चित्र काढणं आयुष्यभरासाठी संपतं. मला हा त्यांच्यावर झालेला अन्याय वाटतो, आणि तो टाळता येण्यासारखा आहे म्हणून अधिकच टोचतो.

चित्र शिकण्याबद्दल आपल्याकडे दोन वाक्यं तयार असतात. एक, 'हे उपजत असतं.' दुसरं, 'रोज काढत जा, आपोआप येईल.' ही दोन्ही वाक्यं एकमेकांच्या विरोधातली वाटतात. पण दोन्हींचा परिणाम एकच होतो. शिकवण्याची जबाबदारी कुणावरच राहत नाही. पहिलं वाक्य ती जन्मावर ढकलतं, दुसरं शिकणाऱ्यावर. माझं म्हणणं असं आहे की समोरची वस्तू ओळखू येईल आणि प्रमाणात बसेल इतपत चित्र काढणं ही शिकवता येण्यासारखी गोष्ट आहे. वाचन-लेखनासारखीच ती प्रत्येक मुलाला शिकवली गेली पाहिजे. आणि नुसतं 'सराव कर' म्हणणं म्हणजे शिकवणं होत नाही.

अडचण नेमकी कुठे आहे, हे आधी पाहू. १९९७ साली डेल कोहेन आणि सुझन बेनेट या दोन मानसशास्त्रज्ञांनी हाच प्रश्न विचारला होता: बहुतेकांना दिसतं ते काढता का येत नाही? हात वळत नाही म्हणून, कोणती रेघ ठेवायची आणि कोणती गाळायची हे ठरवता येत नाही म्हणून, की काढलेल्यातली चूक दिसत नाही म्हणून? एकेक कारण तपासत गेल्यावर त्यांचा रोख हातावर राहिला नाही. वस्तू पाहतानाच ती चुकीची पाहिली जाते, चूक मुख्यतः तिथे होते, असं त्यांना आढळलं.

याचा पुरावा घ्यायला प्रयोगशाळेत जावं लागत नाही. आरशासमोर उभे राहा, आरशावर वाफ धरू द्या आणि त्यात दिसणाऱ्या आपल्या चेहऱ्याची कड बोटानं आखा. मग बाजूला होऊन ती आकृती पाहा. ती तुमच्या चेहऱ्याच्या बरोबर अर्धी असते. भूमितीनं ती अर्धीच असायला हवी, कारण आरसा तुम्ही आणि तुमची प्रतिमा यांच्या मधोमध असतो. आपण जन्मभर आरशात पाहतो आणि तिथला चेहरा आपल्या चेहऱ्याएवढाच आहे असं समजून चालतो. डोळ्यांपुढे रोज असलेली गोष्ट निम्म्यानं चुकते आणि आपल्याला पत्ता लागत नाही.

चेहऱ्याच्या चित्रातही हेच होतं. डोळे डोक्याच्या साधारण मध्यावर असतात: टाळूपासून जेवढे खाली, तेवढेच हनुवटीपासून वर. नवशिका ते जवळजवळ नेहमी बरेच वर काढतो, म्हणून कपाळ आणि कवटी चिरडल्यासारखी होते. कारण माणसाकडे पाहताना आपल्याला डोळे आणि ओठ महत्त्वाचे असतात. जे महत्त्वाचं ते मोठं होतं, कपाळ-केस ही रिकामी जागा ठरते आणि आकसते. मेंदू हे आपल्या सोयीसाठीच करतो. दूर उभा असलेला माणूस डोळ्यांत नखाएवढा उमटतो, तरी आपल्याला तो पूर्ण उंचीचा माणूसच वाटतो. तसं वाटलं नसतं तर रस्ता ओलांडणंसुद्धा कठीण झालं असतं. जगण्यासाठी उपयोगी पडणारी ही नजर चित्र काढताना आड येते. तेवढ्यापुरती ती बाजूला ठेवायला शिकावं लागतं आणि ते आपोआप घडत नाही, म्हणून चित्र अवघड आहे.

मुलांच्या चित्रांचा अभ्यास करणाऱ्यांना हे फार पूर्वी दिसलं होतं. फ्रेंच अभ्यासक जॉर्ज-आंरी ल्युके यांनी १९२७ च्या आपल्या पुस्तकात मांडलं की लहान मूल दिसतं ते काढत नाही, माहीत असतं ते काढतं. १९७२ साली फ्रीमन आणि जॅनिकून यांनी मुलांपुढे एक कप असा ठेवला की त्याची कडी मागे लपलेली होती. लहान मुलांनी तरीही कडी काढली. कपाला कडी असते ना! आठ वर्षांच्या आसपास मुलं कडी गाळू लागतात. म्हणजे त्या वयात पाहण्यात एक मोठा बदल होतो. चित्र समोरच्या वस्तूसारखं दिसायला हवं, ही अपेक्षा मुलाच्या मनात उगवते.

माझ्या मते सगळं इथे बिघडतं. सहा वर्षांचं मूल चित्र काढून झालं की ते दाखवायला धावत येतं. तेच मूल दहाव्या वर्षी कागदावर हात आडवा धरून बसतं. खोडरबर पेन्सिलीपेक्षा लवकर झिजायला लागतो. त्याच्या नजरेला आता कळतंय की घोड्याचा पाय असा नसतो; पण तो कसा असतो ते कागदावर आणायचं कसं, हे त्याला कुणी सांगितलेलं नाही. नजर पुढे गेली, पद्धत मागे राहिली. हा खरं तर प्रगतीचा क्षण आहे. मुलाला मात्र तो अपयशाचा वाटतो, आणि आजूबाजूची मोठी माणसं त्याला दुजोरा देतात. वर्गात दोघा-तिघांवर 'चित्रकलेतले हुशार' असा शिक्का बसतो, उरलेले मुकाट्यानं बाजूला होतात. म्हणूनच बहुतेक मोठ्या माणसांना आज चित्र काढायला लावलं की ते दहा-अकरा वर्षांच्या मुलासारखंच काढतात. त्यांचं शिक्षण त्या वयात थांबलं, एवढाच त्याचा अर्थ.

अक्षराच्या बाबतीत आपण असं वागत नाही. 'क' नीट येत नाही म्हणून कुणी मुलाला 'तुझ्यात लेखन उपजत नाही' असं सांगत नाही. आपण ते अक्षर मोठं काढून देतो, गिरवायला लावतो, हात धरतो, कुठून सुरू करायचं आणि कुठे वळायचं ते दाखवतो, चुकलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करतो. काहींचं अक्षर मोत्यासारखं होतं, काहींचं जेमतेम वाचता येतं, पण लिहायला सगळे शिकतात. सगळ्यांनी शिकावं असं आपण ठरवलेलं असतं, म्हणून ते घडतं.

आता दुसऱ्या वाक्याकडे येतो. 'रोज काढत जा.' हे मी स्वतः केलं आहे. चाळिशी जवळ आल्यावर चित्र शिकायचं ठरवलं आणि वर्षभर रोज एक चेहरा काढला. एकही दिवस चुकवला नाही. वर्ष संपल्यावर पहिली आणि शेवटची वही शेजारी ठेवली. रेघ निश्चितच सुधारली होती. आधीची चाचपडणारी, केसाळ रेघ आता एका ओघात येत होती. पण प्रत्येक चेहऱ्यात डोळे त्याच जागी होते, एका बोटाइतके वर. वर्षभर मी एकच चूक अधिकाधिक सफाईनं करत आलो होतो. त्या रात्री मला फार निराश वाटलं. इतके दिवस दिले, मनापासून दिले, आणि ही चूक मला एकदाही दिसली नव्हती.

नंतर एका शिक्षकांकडे गेलो. त्यांनी चित्र पाहिलं, काही बोलले नाहीत. माझ्या हातात पेन्सिल दिली, कोपर ताठ करायला लावलं, एक डोळा मिटायला सांगितला, आणि पेन्सिलीच्या टोकापासून अंगठ्यापर्यंत समोरच्या माणसाच्या डोळ्यांपासून हनुवटीचं अंतर मोजायला लावलं. मग तेच अंतर डोळ्यांपासून वर मोजायला सांगितलं. ते टाळूपर्यंत गेलं. मी पुन्हा मोजलं. पुन्हा तेच. आपल्या डोळ्यांनी आपल्याला इतके दिवस फसवलं हे पटायला मला तिसऱ्यांदा मोजावं लागलं. या सगळ्याला दहा मिनिटं लागली असतील. वर्षभराच्या सरावानं न सुटलेली गाठ दहा मिनिटांत सुटली. सराव वाया गेला असं मी म्हणत नाही. हात मोकळा झाला होता, तो पुढे कामी आला. पण कुणीतरी आधी दाखवलं असतं तर ते वर्ष मला कुठल्या कुठे घेऊन गेलं असतं.

मराठीत यासाठी तीन शब्द आहेत आणि आपण ते एकमेकांच्या जागी सहज वापरतो. सराव म्हणजे पुन्हा पुन्हा करणं. अभ्यास म्हणजे समजून घेत करणं. रियाज हा शब्द गाण्यातला. त्यात पुन्हा पुन्हा करणं आहेच, पण कान सतत जागा असतो, आणि सुरुवातीला आपला कान तयार नसतो म्हणून गुरूचा कान उसना घेतलेला असतो. सूर हलला की तिथेच थांबवलं जातं. चित्रात चुकलेली रेघ अशी कानाला बोचत नाही. ती गप्प पडून राहते, तिच्यावर दुसरी रेघ चढते, दुसरीवर छाया चढते, आणि तासाभरानं 'काहीतरी चुकलंय' एवढंच कळतं. काय चुकलंय ते कळत नाही. म्हणून चित्र शिकणाऱ्याला नुसत्या सरावापेक्षा रियाजाची गरज अधिक आहे.

सरावाचा बोलबाला ज्या संशोधनावर उभा आहे, ते संशोधनही हेच सांगतं. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ अँडर्स एरिक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बर्लिनमधल्या संगीत अकादमीतल्या व्हायोलिन शिकणाऱ्यांचा अभ्यास केला. त्यातून पुढे 'दहा हजार तास सराव केला की कुणीही निपुण होतो' हा मंत्र जगभर पसरला. तासांचा आकडा लोकांनी लक्षात ठेवला. ते तास कसे होते हे विसरले. एरिक्सन यांच्या मांडणीतला सराव म्हणजे नेमक्या उणिवेवर बोट ठेवून, बहुधा शिक्षकानं आखून दिलेला, आपण कुठे चुकलो हे लगेच कळेल असा सराव. तो कंटाळवाणा आणि दमवणारा असतो. गुणगुणत वही भरणं त्यात बसत नाही.

प्रतिभेच्या बाजूनं जे खरं आहे तेही सांगायला हवं. २०१४ साली मॅकनमारा आणि सहकाऱ्यांनी अशा ८८ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला. माणसामाणसांतल्या कामगिरीच्या फरकाचा जो भाग अशा सरावाशी जोडता आला, तो बुद्धिबळासारख्या खेळांत सुमारे २६ टक्के, संगीतात २१ टक्के आणि क्रीडाप्रकारांत १८ टक्के निघाला. म्हणजे सराव महत्त्वाचा आहे, पण तोच सर्वस्व नाही. कुणाची नजर मुळात तीक्ष्ण असते, कुणी लवकर सुरुवात केलेली असते, कुणाची चिकाटी जास्त असते. मला यात काहीच अडचण दिसत नाही. 'कोण थोर चित्रकार होईल' आणि 'कोण चित्र काढायला शिकू शकेल' हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर आपण दुसऱ्याला देऊन टाकतो, तक्रार एवढीच आहे.

थोर चित्रकारांनी कुठली साधनं वापरली हे पाहिलं तर देणगीची कल्पना आणखी सैल होते. १४३५ साली लिओन बात्तिस्ता अल्बर्टी यांनी चित्रकलेवरच्या ग्रंथात एका जाळीदार पडद्याची शिफारस केली. चौकटीत पातळ कापड ताणायचं, त्यावर जाड धाग्यांचे चौकोन आखायचे, ते आपण आणि वस्तू यांच्यामध्ये धरायचं आणि कुठली कड कुठल्या चौकोनातून जाते ते कागदावरच्या चौकोनांत उतरवायचं. जर्मन चित्रकार आल्ब्रेख्ट ड्यूररच्या १५२५ च्या ग्रंथात तर अशा उपकरणांची चित्रंच आहेत. एका चित्रात माणूस काचेच्या पलीकडे बसलेल्याचा चेहरा काचेवरच आखतोय. हाताच्या थरथरीवर यातलं एकही साधन इलाज करत नाही. सगळी साधनं नजर शिस्तीत आणण्यासाठी आहेत.

व्हिन्सेंट व्हान गॉगबद्दल आपण वेड आणि प्रतिभा एवढंच ऐकतो. त्यानं चित्रकार व्हायचं ठरवलं ते १८८० मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी. त्याआधी त्यानं चित्रांच्या व्यापारात नोकरी केली होती, धर्मप्रचारक होण्याचा प्रयत्न केला होता. त्याची त्या काळातली माणसं अवघडलेली आहेत, हातपाय धडाला नीट जोडलेले नाहीत. त्यानं काय केलं? शार्ल बार्ग यांच्या चित्रकला-पाठांचे छापील नमुने मागवले आणि ते एकामागून एक नकलून काढले. नातेवाईक असलेल्या अँटन मॉव्ह या चित्रकाराकडे काही आठवडे धडे घेतले. १८८२ मध्ये हेगमध्ये एक आखणीची चौकट करून घेतली, धाकट्या भावाला पत्रातून तिची आकृती पाठवली, आणि ती खांद्यावर टाकून समुद्रकाठी, शेतात काम करायला जाऊ लागला. आपल्या हृदयाला भिडणाऱ्या त्याच्या चित्रांखाली नकला करणं, मोजणं, दुरुस्त करणं यांचा इतका जाड थर आहे. तो थर गोष्टीतून गळतो आणि उरते फक्त वीज. शिकणाऱ्या मुलाला ही अर्धी गोष्ट सांगणं मला घातक वाटतं.

यावर एक आक्षेप नेहमी येतो आणि तो प्रामाणिक आहे. मुलांना मोजमाप, प्रमाण, यथार्थदर्शन (जवळ-दूरचं अंतर कागदावर दाखवण्याची रीत) शिकवलं तर त्यांची मोकळी अभिव्यक्ती मरेल. या आक्षेपामागे इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकात शाळांतली चित्रकला अनेक ठिकाणी उद्योगांच्या गरजेपोटी आली. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यानं १८७० मध्ये कायदा करून चित्रकला सार्वजनिक शाळांत आणली आणि १०,००० हून अधिक वस्तीच्या शहरांना प्रौढांसाठी औद्योगिक रेखाटनाचे मोफत वर्ग चालवायला लावले. सगळ्यांना शिकवण्याचा हा विचार मला आजही मोठा वाटतो. पण वर्गात जे पोचलं ते बरंचसं कोरडं होतं: फळ्यावरची भौमितिक नक्षी उतरवून घ्या, रेघ इकडची तिकडे होता कामा नये. याविरुद्ध फ्रान्झ सिझेक यांनी १८९७ मध्ये व्हिएन्नात मुलांसाठी वर्ग काढला आणि मुलांना त्यांच्या मनासारखं काढू दिलं. त्या वर्गाचा पुढे जगभर प्रभाव पडला आणि लहान मुलांच्या बाबतीत तो हितकारकच ठरला.

पण 'मुलाला मोकळं सोडा' हे सहा वर्षांच्या मुलासाठी जितकं खरं, तितकं अकरा वर्षांच्या मुलासाठी नाही. अकरा वर्षांच्या मुलाचा गळा कुणी बाहेरून दाबलेला नसतो. त्याची स्वतःची नजर त्याला म्हणत असते की हे चुकतंय. तेव्हा 'छान आहे, जसं येईल तसं काढ' असं म्हणणं म्हणजे त्याच्या प्रश्नाकडे पाठ फिरवणं. त्याला घोड्याचा पाय काढायचा आहे. त्याला पायाबद्दल सांगा. व्याकरण शिकल्यानं कविता मरत नाही, आणि ज्या भाषेत आपल्याला वाक्यच बांधता येत नाही तिच्यात फार वेळ मोकळं राहताही येत नाही.

शिकवायचं काय, याची यादी फार लांब नाही, आणि इथे मी थोडा रेंगाळणार आहे, कारण ही साधी तंत्रं इतक्या कमी लोकांपर्यंत पोचलेली आहेत. पेन्सिलीनं मोजणं वर आलंच. तिरकी कड घड्याळाच्या काट्यासारखी वाचणं हे दुसरं: ही बाजू एकवर आहे की दोनवर? वस्तू सोडून तिच्याभोवतीची पोकळी काढणं हे तिसरं. कपाची कडी काढू नका, कडी आणि कप यांच्यामध्ये अडकलेला रिकाम्या जागेचा तुकडा काढा. त्या तुकड्याला नाव नाही, त्याच्याबद्दल आपल्याला आधीपासून काही ठाऊक नाही, म्हणून तो जसा आहे तसा दिसतो. चित्र उलटं ठेवून नकलणं यामागेही हेच आहे. उलटं नाक नाक राहत नाही, ती नुसती वळणं होतात. १९७९ साली बेटी एडवर्ड्स या अमेरिकन शिक्षिकेनं ही युक्ती घरोघर पोचवली. मेंदूच्या डाव्या-उजव्या भागांवरून त्यांनी दिलेलं स्पष्टीकरण फारच सोपं करून मांडलेलं होतं. युक्ती मात्र चालते, आणि पहिल्याच दिवशी चालते.

छाया लावताना डोळे किलकिले करायचे, म्हणजे बारकावे विरघळतात आणि गडद-फिक्याचे मोठे पट्टे उरतात. लांब रेघ मनगटातून न ओढता खांद्यातून ओढायची. आणि समोर वारंवार पाहायचं. एकदाच खूप वेळ टक लावून पाहून मग कागदात डोकं घालण्यापेक्षा थोडं पाहा, थोडी रेघ काढा, पुन्हा पाहा. डेल कोहेन यांनी २००५ मध्ये हेही तपासलं. जे वारंवार पाहतात त्यांचं रेखाटन अधिक अचूक येतं. नवशिका कागदाकडेच पाहत राहतो. आठवणीतून काढत राहतो, आणि आठवणीत सपाट तळाचा कप बसलेला असतो.

आता कुणी विचारेल, एवढा खटाटोप कशासाठी? फोन फोटो काढतो, आणि आता तर चार शब्द सांगितले की यंत्र हवं ते चित्र करून देतं. चित्र हवं असेल तर हे खरं आहे. मला हवी आहे ती चित्र काढताना घडणारी नजर.

१६०९ च्या उन्हाळ्यात इंग्लंडमध्ये टॉमस हॅरियट या गणितज्ञानं दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि कागदावर उतरवला. त्या कागदावर प्रकाश आणि अंधार यांच्यातली वाकडीतिकडी सीमारेषा आहे, काही डाग आहेत. त्यातून चंद्राच्या पृष्ठभागाबद्दल फारसं काही हाती लागत नाही. त्यानंतर काही महिन्यांत गॅलिलिओनं चंद्र पाहिला. त्याची दुर्बीण अधिक शक्तिशाली होती, पण त्याच्याकडे आणखी एक गोष्ट होती. छायाप्रकाश आणि यथार्थदर्शन त्याला अवगत होतं. पुढे १६१३ मध्ये तो फ्लॉरेन्सच्या रेखाटनकलेच्या अकादमीचा सदस्यही झाला. काळोख्या भागात उजळलेले ठिपके दिसले तेव्हा त्यानं ते डोंगराच्या माथ्यावर पडलेलं सकाळचं ऊन म्हणून ओळखलं, आणि मार्च १६१० मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात खळगे आणि कडे छायेसकट दाखवले. त्यानंतरच्या हॅरियटच्या रेखाटनांत विवरं दिसतात. चंद्र तोच होता.

मेंदूतल्या पेशींची रचना उलगडून १९०६ चं नोबेल पारितोषिक मिळवणाऱ्या सांतियागो रामोन इ काहाल यांना लहानपणी चित्रकार व्हायचं होतं, वडिलांनी ते होऊ दिलं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशींची त्यांनी हातानं काढलेली चित्रं आजही पाठ्यपुस्तकांत असतात. आणि ज्यांना शास्त्रज्ञ व्हायचं नाही त्यांचं काय? २०१६ मध्ये कॅनडातल्या वॉटरलू विद्यापीठातल्या प्रयोगांत लोकांना काही शब्द लिहायला आणि काही शब्दांची चित्रं काढायला सांगितली. चित्र काढलेले शब्द जास्त लक्षात राहिले, चित्र चांगलं असो की वाईट. रस्किन या विचारवंतानं १८५४ पासून लंडनच्या कामगारांच्या महाविद्यालयात रेखाटन शिकवलं. सुताराला चित्रकार करण्यासाठी मी शिकवत नाही, सुतार म्हणून तो अधिक आनंदी व्हावा म्हणून शिकवतो, असं त्यानं सांगितलं होतं. मी शिकल्यानंतर माझं असंच झालं. झाडाच्या फांद्या खोडापासून कशा सुटतात, म्हाताऱ्या माणसाचा हात मांडीवर कसा विसावतो, हे मला पूर्वी दिसत नव्हतं. आता दिसतं. हे सुख ज्यांना कधी देऊच केलं गेलं नाही त्यांच्यासाठी मला वाईट वाटतं.

मग शाळेनं काय करावं? नऊ ते बारा या वयात, म्हणजे मूल चित्र सोडून देण्याच्या बेतात असतं नेमकं तेव्हा, चित्रकलेचा तास रंग भरण्यावर आणि सजावटीवर न घालवता पाहण्यावर घालवावा. एकच वस्तू अनेक आठवडे काढू द्यावी. खोडरबर दूर ठेवावा, म्हणजे चुकलेली रेघ शेजारच्या बरोबर रेघेसोबत कागदावर दिसत राहील. प्रत्येक कागदावर तारीख घालावी. गुण द्यायचेच असतील तर पूर्ण झालेल्या चित्राच्या देखणेपणाला देऊ नयेत. पहिल्या आणि पंधराव्या कपात जे अंतर पडलं त्याला द्यावेत. आज गुण मिळतात ते आधीच येत असलेल्या मुलांना, आणि बाकीच्यांना दरवर्षी नव्यानं सांगितलं जातं की हे तुमचं काम नाही.

हे शिकवणार कोण, हा प्रश्न मला अनेकदा विचारला जातो. प्रत्येक वर्गाला चित्रकार कुठून आणायचा? भाषा शिकवायला कवी लागत नाही. वर सांगितलेली तंत्रं कुठल्याही शिक्षकाला काही आठवड्यांत शिकता येतील, फक्त शिक्षकांच्या प्रशिक्षणात त्यांना जागा द्यावी लागेल. आणि ज्या शिक्षकाच्या स्वतःच्या कपाचा तळ सपाट येतो, त्यानं मुलांबरोबर खाली बसावं, एक डोळा मिटावा, पेन्सिल पुढे धरावी आणि मुलांसमोर तो तळ मोजून पाहावा.